घरच्या स्लायडर कासवांची वीण: जोडी, अंडी आणि उबवणी

दुकानातून आणलेलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं ते हिरवं पिल्लू पाच-सहा वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढं होतं. मग एखाद्या वर्षी ते अचानक खाणं सोडतं, रात्रभर टाकीच्या कोपऱ्यात मागच्या पायांनी काच खरवडत राहतं आणि एका सकाळी पाण्याच्या तळाशी चार पांढरी अंडी दिसतात. आपलं कासव ‘तो’ नसून ‘ती’ आहे, हेही घरच्यांना तेव्हाच कळतं. आपल्याकडे बहुतेक घरांत कासवांच्या विणीची सुरुवात ही अशी होते.

ज्यांच्याकडे अंडी पडलीच आहेत त्यांनी थेट ‘अंडी उचलताना’ या भागाकडे जावं, त्यांच्या हातात वेळ थोडा आहे. बाकीच्यांनी इथून पुढे वाचावं.

आपल्याकडचं कासव कोणतं?

हा लेख लाल कानाच्या स्लायडरबद्दल आहे. दुकानदार त्याला चायनीज म्हणतात, कुणी जपानी म्हणतात. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स.

यातलं काहीही देशी कासवांवर करून पाहू नका. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव, तळ्यात आणि भातखाचरात सापडणारं मऊ पाठीचं फ्लॅपशेल, ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. ती घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, वीण तर दूरची गोष्ट. स्टार कासवाची चोरटी विक्री इतकी वाढली की २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकावं लागलं. असं कासव कुणी भेट दिलं असेल किंवा रस्त्यात सापडलं असेल, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

परदेशी प्राण्यांसाठीही २०२४ पासून नोंदणीचे नियम आहेत. साइट्सच्या याद्यांमधला प्राणी बाळगत असाल तर केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते आणि त्याला पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. याद्या बदलत राहतात, म्हणून जोडी जमवण्याआधी जवळच्या वन कार्यालयात आपल्या जातीचं नाव सांगून विचारून घ्या.

घरं आधी, अंडी नंतर

स्लायडरची अंडी उबवणं अवघड नाही. एक थर्माकोलचा खोका, एक हीटर आणि दोन-अडीच महिन्यांचा संयम एवढं पुरतं. अवघड आहे ते पुढचं: नीट सांभाळलेलं स्लायडर वीस-तीस वर्षं जगतं, कधी त्याहूनही जास्त. मादी एका वेळी साधारण सहा ते अकरा अंडी घालते, मोठी मादी वीसपर्यंतही जाते आणि एका हंगामात दोन-तीन वेळा, क्वचित पाच वेळासुद्धा घालू शकते. गणित तुम्हीच करा. दुकानात हे पिल्लू स्वस्तात मिळत असल्यामुळे विकून पैसे होतील ही आशा सोडून द्या, आणि फुकट नेणाऱ्यातले निम्मे ‘मुलाला हवंय’ म्हणून नेतात.

मग वर्ष-दोन वर्षांत ते कासव गावाकडच्या विहिरीत, देवळाच्या कुंडात किंवा तलावात जातं. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं अशी आपल्याकडे समजूत आहे आणि प्राणी सोडला की पुण्य लागतं अशीही. स्लायडरच्या बाबतीत दोन्ही महागात पडतं. देशी कासवांच्या ऊन खायच्या जागा ते बळकावतं, त्यांचं खाणं खातं आणि रोगही पसरवतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली आणि २०१६ मध्ये विक्री आणि विणीवरही बंदी आणली. जपाननं जून २०२३ पासून विकायला आणि बाहेर सोडायला मनाई केली. केरळमध्ये त्रिशूरच्या वन संशोधन संस्थेनं तर लोकांकडून ही कासवं गोळा करायचं काम हाती घेतलं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. पिल्लू नेणाऱ्याकडे टाकी, दिवा आणि फिल्टर आज तयार आहे का, हे पाहायचं. अशी दोन घरं असतील तर दोन, फार तर तीन अंडी उबवायची. उरलेली पहिल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवायची आणि दोन दिवसांनी कुंडीत पुरायची. त्या वेळी आत गर्भ जेमतेम सुरू झालेला असतो. महिनाभर उबवल्यावर मात्र हा निर्णय घेऊ नये.

नर कोणता, मादी कोणती

पाठीचं कवच दहा सेंटिमीटर होईपर्यंत ओळखायच्या भानगडीत पडू नका, चुकाल. त्यानंतर पुढच्या पायांच्या नख्या बघा. नराच्या नख्या लांबलचक, मादीच्या आखूड. नराची शेपटी मुळाशी जाड आणि लांब असते, शेपटीखालचं छिद्र कवचाच्या कडेच्या बाहेर येतं. मादीत ते कडेच्या आतच राहतं. आकारात मादी मोठी, २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. नर तिच्या मानाने छोटाच राहतो.

नर दोन ते पाच वर्षांत वयात येतो. मादीला पाच ते सात वर्षं लागतात, पण वर्षांपेक्षा आकारावर विश्वास ठेवा: पाठ सतरा-अठरा सेंटिमीटर झाल्याशिवाय तिला नराजवळ सोडू नये. भरपूर खाऊ घालून फुगवलेली तरुण मादी आकाराने लवकर वाढते, पण तिची हाडं त्या वेगाने भरत नाहीत.

जोडी जमवताना

नर-मादी कायमचे एकत्र ठेवायची गरज नाही, ठेवूही नयेत. नर दिवसभर मागे लागतो, मानेला आणि पायांना चावे घेतो, आणि टाकीत पळायला जागा नसते. एका कासवासाठी पाठीच्या दर इंचाला चाळीस लिटर पाणी हा ढोबळ हिशेब धरला तर मोठ्या मादीला एकटीलाच चारशे ते पावणेपाचशे लिटर लागतं. एका नराबरोबर दोन-तीन माद्या असल्या तर त्रास वाटला जातो, पण तेवढी जागा फ्लॅटमध्ये कुणाकडे असते?

सोपा मार्ग असा: मादीला नराच्या टाकीत न्यायचं आणि समोर बसून पाहायचं. नर तिच्या तोंडासमोर येऊन उलटा पोहतो आणि पुढचे दोन्ही पंजे तिच्या गालांजवळ थरथरवतो. पाहण्यासारखं दृश्य असतं ते. मादी तयार असली तर तळाशी जाते आणि नर पाठीवर चढतो. पाण्याखाली हे दहा-पंधरा मिनिटं चालतं. ती सारखी पळत असेल, चावत असेल, तर तिला काढून घ्या आणि आठवड्याने पुन्हा पाहा. मिलन दिसलं की दोघांना वेगळं करा. मादी शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि त्यावर पुढच्या कित्येक महिन्यांतली, कधी पुढच्या वर्षांचीही अंडी फळतात. त्यामुळे ‘नर तर केव्हाच देऊन टाकला, मग अंडी फळलेली कशी’ या प्रश्नात चमत्कार काही नाही. उलट, कधीही नर न पाहिलेली मादीसुद्धा अंडी घालते. ती फळत नाहीत एवढंच.

अमेरिकेतले लोक कासवांना हिवाळाभर थंडीत झोपवतात. ते वाचून कुणी कासव फ्रिजमध्ये ठेवायला जाऊ नका. आपल्याकडचा हिवाळ्यातला लहान दिवस आणि थोडं गार पाणी एवढा बदल विणीसाठी पुरतो.

मादीचा खुराक

अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं आणि खाण्यातून मिळालं नाही तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते. टाकीत माकूळ माशाचं हाड तरंगत ठेवा. आयुर्वेदिक दुकानात ते समुद्रफेन म्हणून मिळतं, पक्ष्यांच्या दुकानातही असतं. त्या हाडाची कडक पाठ चाकूने खरवडून काढा. चांगल्या प्रतीची पेलेट्स, आठवड्यातून एक-दोनदा छोटा अख्खा मासा, आणि रोज हिरवा पाला: शेवग्याची पानं, जास्वंदीची पानं, किसलेलं गाजर. जलपर्णी तर ती आवडीने खाते, पण नदी-नाल्यातून उचलून आणू नका, घरच्या टबात वाढवा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्सॅलिक आम्ल कॅल्शियमला अडकवून ठेवतं.

आणि ऊन. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. बाल्कनीतलं सकाळचं ऊन, नाहीतर यूव्हीबीची नळी. याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

अंडी घालायची जागा

नवख्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं आणि मादीच्या जिवावर बेततं तेही इथेच. स्लायडर पाण्यात राहतं, पण अंडी मातीत घालतं. माती मिळाली नाही तर मादी अंडी आठवडेच्या आठवडे पोटात धरून ठेवते, मग ती आत अडकतात, किंवा शेवटी नाइलाजाने पाण्यात टाकते. पाण्यात पडलेल्या अंड्यांतला गर्भ थोड्या तासांत गुदमरतो.

चाहूल लागते ती अशी: खाणं कमी होतं किंवा बंद पडतं, ती सारखी टाकीबाहेर यायला बघते, मागच्या पायांनी काच, दगड, जे मिळेल ते उकरते. तिला आडवी, पोट जमिनीकडे ठेवून धरा आणि मागच्या पायांच्या पुढे, कवचाच्या खोबणीत बोट अलगद घाला. अंडी असली तर गोट्यांसारखं काहीतरी जाणवतं. दाबू नका. नाही जाणवलं म्हणजे अंडी नाहीत असंही नाही. खात्री फक्त एक्स-रेमध्ये होते.

जागा करायला सिंटेक्सची जुनी टाकी आडवी कापून घेतलेली चालते, गच्चीवरचा भाजीचा मोठा वाफा चालतो. लांबी-रुंदी तिच्या पाठीच्या चौपट असावी म्हणजे ती फिरून जागा निवडू शकते. मातीचा थर किमान वीस-पंचवीस सेंटिमीटर. बागेची माती आणि वाळू निम्मी-निम्मी, त्यात खत किंवा कीटकनाशक मारलेली माती अजिबात नको. पाणी एवढंच शिंपडा की मूठ वळली तर लाडू वळला जावा आणि बोटाने भोक पाडलं तर ते ढासळू नये. कोरडी वाळू असेल तर खड्डा धरत नाही आणि मादी कंटाळून सोडून देते. जागेवर ऊन यावं पण एका कडेला सावली असावी. कडा उंच ठेवा; उकरायला आलेली कासवी चढण्यात पटाईत असते आणि बाल्कनीतून पडलेल्या कासवांच्या गोष्टी सगळ्याच पशुवैद्यांकडे असतात.

मग तिला तिथे सोडा आणि दूर व्हा. घरातल्या मुलांना मोबाइल घेऊन शूटिंग करायचं असतं, नको. माणूस दिसला की ती काम थांबवते. पहाटे किंवा संध्याकाळी दोन-तीन तास ठेवा, नाही घातली तर परत पाण्यात, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती मूत्राशयातलं पाणी सोडून माती मऊ करते, मागच्या पायांनी आळीपाळीने उकरून सुरईच्या आकाराचा दहा-पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करते, अंडी सोडते, आणि मातीने झाकून पोटाच्या कवचाने वरून चोपते. काम इतकं सफाईदार की तुम्ही पाहिलं नसेल तर खड्डा कुठे होता ते सापडत नाही. म्हणून लांबून नजर ठेवा किंवा तिचं वजन आधी आणि नंतर करा.

आपल्या संतांच्या वाणीत कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते. प्रत्यक्षातली कासवी माती चोपली की पाण्याकडे वळते आणि पुन्हा त्या जागेकडे पाहतही नाही. पुढचं सगळं तुमच्याकडे.

दोन आठवडे उकरणं चाललंय, अंडी येत नाहीत. किंवा ती सुस्त झाली, जोर लावतेय, शेपटीखालून काही बाहेर आलंय, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठा. अडकलेली अंडी कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनांनी बऱ्याचदा सुटतात, नाहीतर शस्त्रक्रिया लागते. तालुक्याच्या गावी जनावरांचे डॉक्टर मुख्यतः गाईम्हशी बघतात. कासवाचं काम करणारे डॉक्टर आपल्यापासून किती लांब आहेत, हे जोडी जमवण्याआधी शोधून ठेवा.

अंडी उचलताना

अंडी लांबट, तीन ते चार सेंटिमीटरची, आणि कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसून चिवट असतं. घातल्यानंतर साधारण एका दिवसात गर्भ वरच्या बाजूच्या कवचाला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो सुटतो आणि मरतो. कोंबडीची अंडी फिरवायची असतात, कासवाची अजिबात नाही.

हात धुऊन, ओल्या रंगकामाच्या ब्रशने माती बाजूला करा. एकेक अंडं दिसलं की उचलायच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने छोटी खूण आणि क्रमांक. पेन किंवा मार्कर नको, शाई आत झिरपते. मग तशाच स्थितीत, खूण वर ठेवून, डब्यात न्या. अंडी एकमेकांना चिकटली असतील तर सोडवू नका, जोडीनेच ठेवा. धुवायची नाहीत, लागलेली माती राहू दे.

टाकीत पडलेली अंडी ताबडतोब काढा, कागदाने टिपा आणि ठेवून बघा. कधी पडली ते माहीत नसेल तर फार आशा धरू नका. फुटलेली अंडी मात्र लगेच काढा, पाणी दोन तासांत नासतं.

उबवणी पेटी

बाजारात कोंबडीच्या अंड्यांची यंत्रं मिळतात. त्यांतली अंडी फिरवणारी सोय बंद करता येत नसेल तर ती कामाची नाहीत. मासळीवाल्याकडे मिळणारा झाकणाचा थर्माकोलचा खोका उत्तम.

१. खोक्यात आठ-दहा सेंटिमीटर पाणी घ्या. त्यात ५० ते १०० वॉटचा, तापमान ठरवता येणारा मत्स्यटाकीचा हीटर पूर्ण बुडवून ठेवा. पाणी आटून हीटर उघडा पडला तर काच तडकते, म्हणून आठवड्याला पातळी बघायची.

२. पाण्यात दोन विटा उभ्या करा, त्यांच्यावर अंड्यांचा डबा बसला पाहिजे आणि पाण्याला टेकता कामा नये.

३. डबा म्हणजे झाकणाचा साधा प्लास्टिकचा डबा, झाकणाला तीन-चार बारीक भोकं. त्यात व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं, फुगवलेलं खनिज) आणि पाणी वजनाने सारखं: दोनशे ग्रॅमला दोनशे मिलिलिटर. गच्चीवर बाग करणाऱ्यांमुळे व्हर्मिक्युलाइट आता नर्सरीत सहज मिळतं. नाही मिळालं तर दोन-तीनदा धुऊन मीठ काढलेला कोकोपीट, मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतका ओला.

४. अंगठ्याने खळगे करून अंडी निम्मी रुतवा, खूण वर, मधे बोटभर अंतर.

५. तापमापकाची वायर अंड्यांच्या शेजारी. हीटरवरचा आकडा पाण्याचा असतो. डब्यातलं तापमान त्याहून एक ते तीन अंशांनी कमी भरतं. तापमापक जे दाखवतो ते खरं.

६. खोक्याचं झाकण किंचित तिरकं टेकवा, म्हणजे वाफेचे थेंब कडेने ओघळतील आणि अंड्यांवर पडणार नाहीत.

पेटी मादी उकरायला लागली त्याच दिवशी सुरू करा. अंडी हातात घेऊन हीटरशी खेळत बसणं नको. आणि वजनकाट्याची एक युक्ती: अंडी ठेवल्यावर झाकणासकट डब्याचं वजन करून त्यावरच लिहा. दर आठवड्याला जितके ग्रॅम कमी भरतील तितकं कोमट पाणी कडेने, अंड्यांना न लावता घाला. ओलं आहे की कोरडं, हा रोजचा वाद मिटतो.

गाव बदललं की ही कृती बदलते. मुंबईत किंवा कोकणात एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत खोलीतच २८ ते ३१ अंश असतात, हीटर बंद ठेवला तरी चालतो. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात तो सतत चालेल. नागपूर-अकोल्याकडे मात्र मे महिन्यात प्रश्न उलटा असतो: हीटर गरम करू शकतो, गार करू शकत नाही. ३३-३४ अंशांच्या वर पिल्लं व्यंग घेऊन येतात किंवा अंड्यातच मरतात. खोका तळमजल्यावरच्या सर्वांत गार खोलीत ठेवा आणि दुपारी खोक्यातल्या पाण्यात बर्फाची छोटी बाटली सोडा. वीज दोन-चार तास गेली तर झाकण न उघडता स्वस्थ बसा. थर्माकोल आणि पाणी तेवढा वेळ ऊब धरतं आणि थोडा गारवा अंड्यांना मारत नाही, जास्तीची उष्णता मारते.

किती अंश ठेवायचे?

स्लायडरमध्ये नर की मादी हे तापमानावर ठरतं. २६-२७ अंशांना जवळजवळ सगळे नर, ३१ आणि वर सगळ्या माद्या, २९ च्या आसपास दोन्ही. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात हे ठरतं, त्या काळात तापमान स्थिर हवं. २६-२७ ला अडीच महिने किंवा थोडं जास्त लागतं, ३०-३१ ला साधारण दोन महिने.

पुस्तकं ‘दोन्हींसाठी २९’ सांगतात. माझं मत वेगळं आहे. पिल्लं दुसऱ्यांच्या घरी जाणार असतील तर २७ वर उबवा आणि नर काढा. नर लहान राहतो, त्याला टाकी लहान पुरते, आणि त्या घरात पाच वर्षांनी अंड्यांचा प्रश्न उभा राहत नाही.

मधले दिवस

आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलली की पुरे. आठ-दहा दिवसांनी खोलीत अंधार करून अंड्याजवळ मोबाइलचा टॉर्च धरा. अंडं उचलायचं नाही, पुठ्ठ्याची नळी करून उजेड कडेने टाका. लाल बारीक शिरा आणि गुलाबी झाक दिसली तर गर्भ आहे. पिवळट, एकसारखं दिसलं तरी अजून दोन आठवडे राहू द्या, काही अंडी उशिरा रंग दाखवतात. फळलेलं अंडं हळूहळू खडूसारखं पांढरं होत जातं. न फळलेलं पिवळं पडतं, खचतं, बुरशी धरतं आणि वास मारायला लागतं. वास आला की काढा. नुसती थोडी बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने पुसून ते अंडं वेगळ्या डब्यात ठेवा, आतला गर्भ जिवंत असू शकतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत अंड्याला खळगा पडला तर डबा कोरडा आहे. वजन बघा, पाणी घाला. शेवटच्या दिवसांतला खळगा चालतो.

पिल्लू बाहेर येताना

पिल्लाच्या नाकाशी एक टोकदार उंचवटा असतो, त्याने ते कवच फाडतं. मग एक पाय बाहेर येतो, किंवा नाकाचं टोक, आणि पुढे काहीच होत नाही. एक दिवस, कधी दोन-तीन दिवस. घरातले सगळे येऊन ‘अडकलंय बिचारं, सोडवा’ म्हणतील. हात लावू नका. पोटाला चिकटलेला पिवळ्या बलकाचा गोळा ते आत बसून शोषून घेत असतं. ओढून काढलं तर तो फुटतो आणि पिल्लू जातं.

बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला अजून गोळा दिसत असेल तर त्याला ओल्या टिश्यूवर, लहान डब्यात, त्याच पेटीत ठेवा. दुमडलेली पाठ दोन-तीन दिवसांत सरळ होते. एकाच विणीतली पिल्लं एका दिवशी फुटतील असं नाही. उरलेल्या अंड्यांना आणखी दोन आठवडे द्या.

पहिले आठवडे

पोट सपाट झालं की पाण्यात. चार-पाच सेंटिमीटर पाणी, २७-२८ अंश, चढायला खडबडीत दगड, वर ऊन खायला दिवा आणि यूव्हीबी. बाल्कनीत ठेवलं तर टबाचा अर्धा भाग सावलीत हवा; इतकं कमी पाणी दुपारी बघता बघता तापतं. मोठ्यांच्या टाकीत ठेवू नका, आई-बाप त्यांना खाणं समजतात.

बलक पुरेपर्यंत, म्हणजे बरेचदा आठवडाभर, पिल्लू खात नाही. मग पेलेटचा चुरा, ब्लडवर्म, बारीक चिरलेला पाला. एका वेळचं खाणं त्याच्या डोक्याएवढं. पाणी रोज बदला. पाठ दाबली तर लवचिक लागणं नव्या पिल्लात ठीक आहे. महिन्या-दोन महिन्यांनीही मऊच असेल तर कॅल्शियम आणि ऊन कमी पडतंय.

स्वच्छतेचं घरातल्या सर्वांना एकदा बसवून सांगा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. लहान मुलं पिल्लं तोंडात घालून आजारी पडत होती म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हात साबणाने, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू द्यायचं नाही.

तीन महिने नीट खाणारी, कडक पाठीची पिल्लं झाली की नव्या घरी पाठवा. सोबत एका कागदावर लिहून द्या: फुटल्याची तारीख, कोणत्या तापमानाला उबवलं, सध्या काय आणि किती खातं, दिव्याची नळी कधी बदलायची, डॉक्टरचं नाव. आणि खाली तुमचा फोन नंबर, ‘सांभाळणं जमलं नाही तर कुठेही न सोडता मला परत द्या’ असं लिहून.